एचओ मापातली बॉक्सएन वाघीण: बांधणी आणि मळवणी

यार्डातला (शुक्रवार, रात्री १०:१२)

मॉडेल रेल्वेच्या इंजिनांवर इथे भरपूर धागे आहेत. डब्ल्यूएजी-९ च्या हिरव्या रंगाची नेमकी छटा कोणती यावरून तर लोक एकमेकांशी बोलायचे बंद झालेत. पण त्या इंजिनामागे जोडायला काय, असं विचारलं की सगळे गप्प. भारतीय मालगाडी म्हटली की डोळ्यांसमोर येते कोळशाची उघडी वाघीण (मालडबा), बॉक्सएन, आणि आपल्या ले-आउटवर सगळ्यात कमी दिसते तीच. म्हणून हा धागा काढतोय. आज फक्त बांधणी, एका तयार वाघिणीचे फोटो सोबत. मळवण्याचं, म्हणजे वापरून जुनी झाल्यासारखी रंगवण्याचं, उद्या.

आधी मापं, खऱ्या वाघिणीची. हेडस्टॉक ते हेडस्टॉक (चौकटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत) ९,७८४ मिमी, कपलर धरून १०,७१३. रुंदी ३,२००, रुळापासून उंची ३,२२५. दोन बोगींच्या (वाघिणीखालच्या चाकांच्या गाड्यांच्या) मध्यांमधलं अंतर ६,५२४, नव्या चाकाचा व्यास १,०००. एचओ म्हणजे १:८७, सगळ्याला ८७ ने भागलं की पेटी साडेएकशेबारा मिमी लांब, कपलरसह १२३, रुंदी ३६.८, उंची ३७, चाक साडेअकरा. ५८ वाघिणींचा पुरा रेक (एका गाडीच्या जोडलेल्या वाघिणी) करायचा तर सात मीटरच्या वर जागा लागते. आमच्याकडे तेवढी लांब भिंत नाही, त्यामुळे बारा वाघिणी आणि एक ब्रेकव्हॅन. दीड मीटरच्या आसपास होतं आणि वळणावर बरं दिसतं.

पेटी स्टायरीन (प्लॅस्टिक) शीटची. तळ आणि बाजू १ मिमी, उभ्या पट्ट्या आणि वरचं कोपिंग (काठाची पट्टी) आयत्या पट्ट्यांचं. बाजूवर किती उभे खांब, कोणता किती अंतरावर, हे नकाशापेक्षा बाजूने काढलेल्या फोटोवरून मोजलेलं बरं. फोटो वाघिणीच्या मधोमध, दुरून, झूम करून काढा. जवळून काढलात तर टोकाचे खांब दाटलेले दिसतात.

स्टायरीन मिळत नाही म्हणून सनबोर्ड वापरणारे बरेच आहेत. वापरा, पण तो पीव्हीसीचा फेस आहे. कापलेली कड फुसफुशीत राहते, ती सुपरग्लूने भिजवून घासावी लागते. जुन्या एटीएम कार्डांचंही तेच, तीही पीव्हीसीचीच. टामियाचं पातळ सिमेंट स्टायरीन विरघळवून जोडतं, पीव्हीसीवर ते नुसतं वाळतं. दुसऱ्या दिवशी खांब टपाटपा गळून पडले की लोक सिमेंटला शिव्या देतात.

बोगी ही खरी अडचण. बॉक्सएनखाली कॅसनब जातीची बोगी असते, तीन ओतीव तुकड्यांची. घडण अमेरिकन मालडब्यांच्या बोगीसारखीच आहे, त्यामुळे अमेरिकन एचओ बोगी दुरून खपून जाते. मात्र अमेरिकन शंभर टनी बोगीचा चाकतळ (पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर) १,७७८ मिमी, आपला २,०००. आणि त्यांची ३३ इंची चाकं फारच बारकी दिसतात. ३६ इंची किमान, ३८ इंची मिळाली तर उत्तम, ती ११.१ मिमी भरतात.

---

पुणेरी_पॉइंट्समन

वाखूसा (वाचनखूण साठवली). उद्याच्या भागाची वाट बघतोय.

---

मालधक्का

+१. फोटो दिसत नाहीयेत हो. ऑफिसच्या नेटमुळे असेल, घरी जाऊन बघतो.

एक बाळबोध प्रश्न. आपली ब्रॉडगेज १,६७६ मिमी. एचओचा रूळ १६.५ मिमी. गणित बसत नाही ना?

---

यार्डातला

@मालधक्का, नाहीच बसत. १,६७६ ला ८७ ने भागलं की १९.३ मिमी येतात. १६.५ हा १,४३५ मिमीच्या स्टँडर्ड गेजसाठी आहे. म्हणजे आपली वाघीण रुळावर जवळपास तीन मिमी अरुंद पायांवर उभी. बाजूने कळत नाही, समोरून बघितलं की कळतं. रूळ, पॉइंट्स, चाकं सगळं स्वतः बांधायची तयारी असेल तर १९.३ करा, कोणी अडवलेलं नाही. मी बाजूने बघतो.

---

निवृत्त_टीएक्सआर

चांगला उपक्रम. मी रेल्वेच्या कॅरेज अँड वॅगन खात्यात नोकरी केली, त्यातली बरीच वर्षं बल्लारशाला. या वाघिणींच्या खालूनच आयुष्य गेलं म्हणा ना. खेळण्यातल्या रेल्वेतलं मला काही कळत नाही, पण फोटोतली वाघीण पाहून दोन गोष्टी सुचल्या.

एक. बाजू फार सरळ आहे. कारखान्यातून आल्यावरची पहिली काही वर्षं सोडली तर बॉक्सएनची बाजू सरळ नसते. दोन खांबांमधला पत्रा बाहेर फुगलेला असतो. माल उतरवायला पोकलेन आत बकेट घालतो, ती आतून आपटते. खांब बहुधा तग धरतात, पत्रा फुगतो. टिपलरवर (वाघीण उलटी करून रिकामी करणाऱ्या यंत्रावर) जाणाऱ्या वाघिणीचं वरचं कोपिंग क्लॅम्पखाली दबून वाकडं झालेलं असतं. खालच्या झडपांसारख्या दारांच्या कडाही सरळ नसतात, फटी राहतात, आणि त्या फटींतून बारीक कोळसा गळून गळून खाली काळा ओघळ धरतो.

दोन. खाली काहीच नाही! ब्रेक सिलिंडर, डिस्ट्रिब्युटर व्हॉल्व्ह, हवेची टाकी, एम्प्टी-लोडची पेटी, हँडब्रेकचं चाक, टोकाला होजपाइप. एवढं नसेल तर माझ्या हिशोबात ती वाघीण सिक आहे, यार्डातून सोडणार नाही.

---

यार्डातला

काका, दंडवत. तुमच्यासारखं कोणी वाचत असेल असं वाटलंच नव्हतं. खालचं सामान जोडलंय, फोटोत अंधारामुळे दिसत नाहीये, उद्या उलटी करून फोटो टाकतो.

फुगवट्याचं मात्र एकदम पटलं. पुढच्या चार वाघिणींना बाजूचा पत्रा वेगळा करतो.

---

मीनल_ठाणे

फुगवट्यासाठी शीतपेयाचा कॅन घ्या. पत्रा साधारण ०.१ मिमी जाडीचा असतो. माऊसपॅडवर ठेवायचा आणि संपलेल्या बॉलपेनच्या टोकाने गोल गोल दाबत जायचं, हवा तेवढा फुगतो. प्रत्येक चौकटीत सारखाच फुगवटा आणू नका. एखादी चौकट जवळपास सपाट, शेजारची टम्म, तिसरीला वरच्या कोपऱ्यात नुसती एक खोच. मागून पातळ इपॉक्सी भरलं की हात लागला तरी चेपत नाही. कॅनवर छपाईखाली आणि आतून लाखेचा थर असतो, तो सँडपेपरने काढल्याशिवाय रंग धरत नाही. कात्रीने कापलेली कड ब्लेडइतकी धारदार असते, जपून.

---

थ्रीडी_बाबा

हे सगळं हाताने कशाला? फाइल बनवा, रेझिन प्रिंटरवर टाका, बारा काय चोवीस निघतील.

---

यार्डातला

@थ्रीडी_बाबा, बोगीच्या बाजू मी प्रिंटच करून घेतल्या आहेत. कॅसनबचे स्प्रिंग हाताने करण्यात अर्थ नाही. पेटीचं वेगळं. पातळ, लांब, सपाट बाजू रेझिनमध्ये वाकते, आज सरळ निघाली तरी उन्हात पडली की महिन्याभरात केळ होते. आणि फाइलमधून चोवीस काढल्या की चोवीसच्या चोवीस एकाच जागी फुगलेल्या. रेक बाजूने जाताना ते लगेच डोळ्यांत भरतं.

प्रिंट करणाऱ्यांनी हातमोजे घाला, धुवायचं आयसोप्रोपाइल अल्कोहोल गॅसच्या शेगडीजवळ ठेवू नका. आपल्याकडे स्वयंपाकघरातच सगळं चालतं म्हणून सांगतो.

---

जर्सी_सिटीकर

इकडून थोडी भर. कपलर केडी कंपनीचे लावा, ५ नंबर किंवा १४८. आपल्या वाघिणीचा सेंटर बफर कपलर मुळात अमेरिकन नकल कपलरच्याच घराण्यातला. त्यामुळे ब्रिटिश किंवा जर्मन मॉडेलवाल्यांना बघावं लागतं तसं हुकाकडे दुर्लक्ष करायची पाळी आपल्यावर येत नाही. केडी आपल्या वाघिणीवर खरा दिसतो.

वजनाचं बघा. एनएमआरए या अमेरिकन मॉडेल-रेल्वे संघटनेच्या शिफारशीप्रमाणे एचओ डब्याला एक औंस, अधिक लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस. बॉक्सएनला ९० ते ९७ ग्रॅम होतात. रिकामी वाघीण हलकी राहिली तर लांब रेकमध्ये वळणावर आत ओढली जाऊन पडते. भरलेलीत कोळशाखाली वजन लपवता येतं, रिकामीत लपवायला जागा नाही, तिथे खरी परीक्षा.

---

यार्डातला

रिकामीसाठी टायरच्या दुकानात व्हील बॅलन्सिंगच्या चिकट पट्ट्या मिळतात, ५ आणि १० ग्रॅमचे तुकडे असतात. सोलबारच्या (चौकटीच्या लांब तुळयांच्या) मध्ये तळाला खालून चिकटवायच्या, पुढे ब्रेकचं सामान आलं की दिसत नाहीत. तरी कमी पडलं तर तळच पितळी पत्र्याचा.

---

यार्डातला (शनिवार, सकाळी ११:३०)

आता मळवणी.

एक्झिबिशनमध्ये बघतो, समाजमाध्यमांवर बघतो, सगळ्यांच्या वाघिणी एकाच रोगाने आजारी असतात: वरपासून खालपर्यंत केशरी गंज. व्हिडिओत दाखवतात म्हणून मीठ टाकून, हेअरस्प्रे मारून पापुद्रे काढायचे. छान दिसतं, पण समुद्रात बुडवून काढलेल्या जहाजासारखं. गंज कुठे आला, का आला, याचं उत्तर त्या वाघिणीच्या कामात असतं. ती काय वाहते, ते कसं भरतात, कसं उतरवतात, उन्हाळ्यात कुठे उभी असते. एवढं ठरवल्याशिवाय मी ब्रश हातात घेत नाही.

समजा, आपली वाघीण चंद्रपूर भागातल्या खाणींतून औष्णिक केंद्रात कोळसा नेते. आतली बाजू कायम घासली जाते. रंग टिकतच नाही. तिथे चॉकलेटी-काळा घासलेला पोलादी रंग, तळाच्या कोपऱ्यांत अडकलेला चुरा. कोळशात गंधक असतं, पावसाचं पाणी त्यात मिसळून आम्ल बनतं, ते तळाला आणि बाजूच्या खालच्या हातभर पट्ट्याला खातं. म्हणजे आतून गंज खाली जास्त. बाहेरून मूळचा तांबडट तपकिरी रंग उन्हाने फिका, थोडा गुलाबीसर. वरच्या कोपिंगवर बकेट आणि क्लॅम्पचे ओरखडे. ताजे ओरखडे चकचकीत असतात, जुने गडद तपकिरी. केशरी गंज फक्त ताजा, म्हणजे एखाददुसऱ्या पावसातला. तो नखाएवढा. बाकी जुना गंज काळपट चॉकलेटी असतो, हे एकदा डोळ्यात बसलं की अर्धं काम झालं.

माझा क्रम: आतून-बाहेरून गडद तपकिरी (टामिया एक्सएफ-१० मध्ये थोडा एक्सएफ-१). बाहेरून त्यावर एक्सएफ-६४, प्रत्येक चौकटीच्या मध्यात एक्सएफ-५७ चे थोडे थेंब घालून फिका केलेला. चमकदार व्हार्निश, अक्षरं, मॅट व्हार्निश. मग तेलरंग, मग पावडर. बस.

खाली बोगीला वेगळा न्याय. तिथे गंज कमी, धूळ आणि वंगण जास्त. जुन्या बिडाच्या ब्रेक ब्लॉकच्या काळात लोखंडाची भुकटी उडून सगळं खालचं अंग तांबूस व्हायचं. आता कंपोझिशन ब्लॉक, त्यांची धूळ काळपट राखाडी. चाकाचा दर्शनी भाग मळका, पण रुळावर चालणारी कड चकचकीत पाहिजेच. रंग लागला असेल तर पुसून काढा, दिसण्यासाठीही आणि चालण्यासाठीही.

---

मीनल_ठाणे

क्रमाशी सहमत, फक्त एअरब्रशशिवायही होतं असं नवीन लोकांसाठी लिहिते. मी मुळात चित्रकार, कंप्रेसर घरात आणला तर शेजारचे सोसायटीत तक्रार करतील.

तेलरंग साधे कॅम्लिनचे. बर्न्ट अंबर, बर्न्ट सिएना, थोडा काळा, एवढ्यावर निभतं. रंग आधी पुठ्ठ्यावर काढून अर्धा तास ठेवायचा, पुठ्ठा त्यातलं तेल पितो, मग रंग चकाकत नाही. चौकटीच्या वरच्या कडेला सुईच्या टोकाएवढे चार-पाच ठिपके. सपाट ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवून फडक्यावर जवळजवळ कोरडा करायचा आणि ठिपके सरळ खाली ओढायचे. एकदाच. दुसऱ्यांदा फिरवलं की ओघळाचा चिखल होतो. ओघळ उभाच पाहिजे, आणि खाली येताना विरत गेला पाहिजे. फुगलेल्या चौकटीत मात्र पाणी फुगवट्याच्या दोन्ही अंगांनी वळून उतरतं, तिथे ओघळ किंचित बाहेर वाकवा. काकांनी फुगवटे सांगितल्यावर रिक्षात बसल्या बसल्या एक मालगाडी निरखली, तेव्हा हे दिसलं.

पावडरीसाठी परदेशी बाटल्या घ्यायची गरज नाही. सुके पेस्टल सँडपेपरवर घासा. आणि गेरू! गेरू म्हणजे आयर्न ऑक्साइडच, गंजाचाच सख्खा भाऊ. पूजासाहित्याच्या दुकानात मिळतो, कुटून मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळा. निव्वळ गेरू फासलात तर मात्र तुळशीवृंदावन होतं. निम्मं बर्न्ट अंबरचं पेस्टल मिसळा, मग बरोबर मरतो.

घासताना मास्क लावा. आणि पावसाळ्यात स्प्रेचं मॅट व्हार्निश मारायच्या भानगडीत पडू नका, मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत पांढरी साय धरते.

---

मालधक्का

गेरूचं भारी! आईच्या डब्यातला पळवतो.

---

निवृत्त_टीएक्सआर

यार्डातले यांनी कामाप्रमाणे गंज हे बरोबर सांगितलं. त्यात वेळापत्रकही धरा. बॉक्सएनचं पहिलं पीओएच (वर्कशॉपमधली ठरावीक मोठी दुरुस्ती) सहा वर्षांनी, नंतरची दर साडेचार वर्षांनी, आणि मधे दीड वर्षाच्या अंतराने आरओएच (त्याहून छोटी दुरुस्ती). रेक फिरता असतो, आजारी वाघीण काढून दुसरी जोडतात, त्यामुळे एकाच गाडीत वर्कशॉपमधून परवा आलेली कोरी आणि तिच्या शेजारी चार वर्षांची कळकट, असं सर्रास दिसायचं. तुमच्या बारांत एक तरी नवीन रंगाची ठेवा. तिच्यावर गंज नको, नुसती धूळ. आणि तिचीही बोगी मळकीच, एका फेरीत मळते.

पीओएचची तारीख, वर्कशॉपचं नाव, रिटर्न डेट (पुढच्या दुरुस्तीला परतायची तारीख) हे रंगवून लिहिलेलं असतं. नवीन तारीख लिहायला जुन्यावर रंगाचा चौकोन मारतात, तो चौकोन आजूबाजूपेक्षा गडद दिसतो. तेवढं दाखवलंत तर आमच्या खात्यातला माणूस खूश होईल. आणि खडूच्या खुणा. तपासणाऱ्याने ओढलेल्या रेघा, फुल्या, तारखा. पाऊस पडला की पुसट, मग दुसऱ्या कोणाच्या नव्या.

---

आकडेमोड्या

फोटोतल्या वाघिणीवरचा क्रमांक खोटा आहे.

अकरा अंकी क्रमांकात पहिले दोन अंक वाघिणीचा प्रकार, पुढचे दोन मालक रेल्वे, पुढचे दोन बांधणीचं साल, मग चार अंक त्या वाघिणीचे, आणि अकरावा तपासणी अंक. तो मनाने घालायचा नसतो. सम स्थानांवरच्या अंकांची बेरीज करा, तिला तीनने गुणा, त्यात विषम स्थानांवरच्या अंकांची बेरीज मिळवा. पुढच्या दहाच्या पटीला जेवढे कमी पडतात, तो अकरावा अंक.

उदाहरणार्थ, तुमच्याच वाघिणीचे पहिले दहा अंक, १००१०८२३४५. सम स्थानं: ०, १, ८, ३, ५, बेरीज १७, तिप्पट ५१. विषम: १, ०, ०, २, ४, बेरीज ७. एकूण ५८. साठला दोन कमी. म्हणून शेवटचा अंक २. तुमच्या वाघिणीवर ७ आहे.

---

पुणेरी_पॉइंट्समन

१:८७ वर तपासणी अंक तपासणारा माणूस आमच्या पेठेतलाच असणार.

---

आकडेमोड्या

नाशिक रोड.

---

यार्डातला

@आकडेमोड्या, बाकीच्या अकरांचे क्रमांक तुम्हालाच पाठवतो, गणित करून द्या.

आता अक्षरांबद्दल लिहितो. घरच्या प्रिंटरला पांढरी शाई नसते, ही सगळ्यांची रड. पांढरा डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापाचा) कागद घेऊन त्यावर वाघिणीचाच तपकिरी रंग छापायचा आणि अक्षरं कोरी ठेवायची, असा एक उपाय. पण छापलेला तपकिरी आणि फासलेला तपकिरी कधीच जुळत नाहीत. मात्र काका म्हणतात तसा गडद चौकोन खऱ्या वाघिणीवर असतोच, तर तोच इथे कामाला येतो! क्रमांकाचा आणि तारखेचा तुकडा चौकोनासकट छापला की न जुळणं खपून जातं. मोठी अक्षरं, 'मरे' किंवा 'दपूमरे' (मध्य किंवा दक्षिण पूर्व मध्य रेल्वे), बारीक पांढऱ्या जेलपेनने हाताने. खऱ्या वाघिणीवरही ती स्टेन्सिलने घाईत मारलेली असतात. दहा सेंटिमीटरचं अक्षर इथे सव्वा मिमीच्या आतच येतं, भिंग लावून बसायची तयारी ठेवा.

---

कुळेंचो_पावस

गोंयच्यान नमस्कार! इथे सगळे कोळशाबद्दलच बोलतायत, म्हणून खनिजाबद्दल लिहितो.

लोहखनिज भरलेल्या बॉक्सएनमध्ये लोक काठोकाठ ढीग करतात. ते अशक्य आहे. वाघिणीचं आतलं आकारमान साधारण ५६ घनमीटर आणि माल घेणार ५८-५९ टन. कोळसा हलका, तो काठापर्यंत येतो. खनिज घनमीटरला दोन टनांच्या वर भरतं, निम्म्याच्या आतच वजन पुरं होतं. बाहेरून बघितलं तर वाघीण रिकामीच वाटते. वरून, पुलावरून बघितलं की आत दोन ढीग दिसतात, बोगींच्या वर एकेक. ले-आउट आपण वरूनच बघतो ना, मग हे दिसायलाच हवं.

रंगही वेगळा. खनिजाची लाल भुकटी आतून बाहेरून सगळीकडे, कोपिंगवर जाड थर, खांबांच्या खाचांत साचलेली. कुळे ते कॅसलरॉक घाटात १ इन ३७ चा चढ, वर पावसाळा असा की धूळ सगळी लाल चिखलाच्या ओघळांत उतरते. मुरगाव बंदरातून वर कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांना कोळसाही जातो. तर एकच वाघीण काळी आणि लाल दोन्ही. त्यासाठी आधी लाल, ती पक्की करून वर काळी.

आणि कोणीतरी कोंकण रेल्वेची रोरो करा हो! कोलाड ते वेर्णा, १९९९ पासून. सपाट वाघिणीवर भरलेले ट्रक रांगेने उभे. डायकास्ट ट्रक १:८७ चे मिळाले तर वाघीण अगदी सोपी, सगळी मजा ट्रक मळवण्यात. पाठच्या पाट्या, ताडपत्री, चाकांना लावलेले अडणीचे ठोकळे.

---

जर्सी_सिटीकर

रोरोला +१००. डायकास्ट घेताना माप तपासा, आपल्याकडे खेळण्यांवर १:६४ पासून १:७२ पर्यंत काहीही असतं आणि बऱ्याचदा लिहिलेलंच नसतं. १:६४ चा ट्रक ठेवलात तर सपाट वाघिणीच्या दोन्ही बाजूंनी बाहेर येईल आणि पहिल्याच बोगद्याला अडकेल.

---

नव्याने_सुरुवात

मुलगा नववीत आहे, त्याला नादी लावलाय (की त्याने मला). एवढं सामान लगेच आणणं परवडणार नाही. कमीत कमी किती लागेल?

---

मीनल_ठाणे

बाजारातला कुठलाही स्वस्त, जुना, उघडा मालडबा घ्या, भारतीय नसला तरी चालेल. तेलरंगाच्या दोन नळ्या, दोन पेस्टल, टर्पेंटाइन, मॅट व्हार्निशची छोटी बाटली. मुलाला आधी त्यावर हात साफ करू दे. स्टायरीन वगैरे नंतर. पुण्यात असाल तर कोथरूडच्या जोशींच्या मिनिएचर रेल्वे संग्रहालयात नक्की घेऊन जा.

---

मालधक्का

कोळसा कशाचा करताय? मी लोणारी कोळसा कुटून टाकला, काही तरी चुकल्यासारखं दिसतंय.

---

यार्डातला

लोणारी कोळसा लाकडाचा, मऊ आणि मॅट काळा. दगडी कोळशाचा तुटलेला तुकडा चमकतो, ती चमक कुटल्यावरही राहते. खरा दगडी कोळसाच घ्या, एक ढेकूळ पुष्कळ झालं. फडक्यात गुंडाळून हातोडी. चहाच्या गाळणीने चाळा. गाळणीवर राहतं ते ढेकळांसाठी, खाली पडतं ते भरायला, आणि अगदी बारीक भुकटी बाटलीत साठवा, तीच पुढे दारांच्या फटींखाली ओघळ म्हणून लागते.

पेटीत आधी थर्माकोलचा उंचवटा, काळा रंगवून. त्यावर कोळसा कोरडाच पसरा. ढीग सपाट नको, लोडरच्या बकेटगणिक एकेक उंचवटा येतो, तसे तीन-चार. आता फेविकॉल पाण्यात पातळ करून, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकून, ड्रॉपरने कडेकडेने सोडा. साबणाशिवाय पाण्याचा थेंब धुळीवर गोळा होऊन लोळतो आणि कोळसा घेऊन जातो. रात्रभर सुकू द्या. पांढरट दिसलं तर घाबरू नका, सुकल्यावर जातं.

---

मालधक्का

आणि पावडरीवर व्हार्निश मारलं की पावडर गायब होते, त्याचं काय?

---

मीनल_ठाणे

गायब होत नाही, व्हार्निश पिऊन पारदर्शक होते. दोन रस्ते. एक, हवी त्यापेक्षा दुप्पट लावा आणि पातळ थरात व्हार्निश मारा. दोन, व्हार्निश मारूच नका. जिथे पावडर पक्की हवी तिथे ब्रशच्या टोकाने आयसोप्रोपाइलचा एक थेंब सोडा, ती जागेवर बसते, आणि वाघीण पुढे फक्त बोगीला धरून उचला. मी दुसरा रस्ता घेते. प्रदर्शनात लहान मुलं हात लावणार असतील तर पहिला.

---

निवृत्त_टीएक्सआर

फोटो पाहिले, उलटी केलेली वाघीण पाहिली. एक दुरुस्ती. होजपाइप दोन्ही टोकांना एकाच बाजूला लावलेत. कपलरकडे तोंड करून उभं राहिल्यावर दोन्ही टोकांना पाइप एकाच हाताला यायला पाहिजे, म्हणजे वरून पाहिलं तर कोपरे तिरपे समोरासमोर. नाहीतर वाघीण फिरवून जोडली की पाइप जुळणार कसे?

---

यार्डातला

काढून परत लावतो, काका. ब्रेकव्हॅनसाठी वेगळा धागा काढायचाय, आठ चाकी बीव्हीझेडआय घ्यायची की चार चाकी बीव्हीझेडसी?

---

निवृत्त_टीएक्सआर

चार चाकी घ्या. गार्ड लोकांना विचाराल तर शिव्या देतील, हाडं खिळखिळी व्हायची तीत. पण कोळशाच्या गाडीमागे मी तीच जास्त पाहिली. आणि आतला बाक दाखवायला विसरू नका.